छताची वेलबुट्टी

अनुसयाला लकवा झाला, तेव्हापासून ती खाटेवर उताणी पडून असते. जन्मभर लुगड्यांचे काठ विणलेल्या माझ्या बायकोला आता नुसतं कोरं छत दिसतं. म्हणून छताच्या कडेनं पीओपीची वेलबुट्टी करायचं मी ठरवलं.

“वर कोण पाहते, बाबा?” आमचा चेतन म्हणाला.

“तुही माय पाहते!” मी पोरावर खेकसलो.

कारागीर आला. खोली पाहून म्हणाला, “धूळ लय उडते, काका. पेशंटले काही दिवस दुसरीकडं हलवा लागीन.”

“मले नका हलवू,” अनुसया अडखळत म्हणाली. “मी गेल्यावर करा.”

“मंग पाहीन कोण वं?” मी चिडलोच.

“तुमीच,” ती म्हणाली. “या खाटेवर मंग तुमीच झोपाल ना.”