मागच्या खुर्चीची साक्ष

सकाळचे अकरा. सरकारी खर्च तपासणाऱ्या समितीची खोली. लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीला लागून फुलझाडांच्या दोन कुंड्या. त्या कुंड्यांच्या मधोमध चौघांनी घाम गाळत आणून ठेवलेली काळवंडलेली वस्तू म्हणजे मी.

मी एक खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की त्या खोलीतल्या मंडळींचे डोळे चमकतात, पण मी त्यांच्या ओळखीतली नव्हे. त्यांची खुर्ची माणसाला सुटता सुटत नाही. मी मात्र वेळ आली की बसलेल्या माणसाला घेऊन विमानाबाहेर झेपावते आणि त्याचा जीव वाचवते. वैमानिक घडवणाऱ्या विमानातली मी मागची, म्हणजे शिक्षकाची खुर्ची.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक जाडजूड बाई माझे पट्टे तपासायची. यंत्राने तपासून झाले की ती स्वतः पट्ट्याला लोंबकळायची. "मला पेललंस ना? मग जगाला पेलशील," म्हणायची. तिचं नाव मला कळलं नाही. तिचं वजन मात्र मी आजही कृतज्ञतेने आठवते.

हवाई तळावर माझ्या माथ्याशी पॅराशूट बसवलं ते आत्याने. अख्खा तळ तिला आत्याच म्हणतो, अधिकारीसुद्धा. पॅराशूटची घडी घालताना ती कुणाशी बोलत नाही. मध्येच कुणी हाक मारली तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. एकदा खुद्द तळप्रमुखांनी हाक मारली. आत्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि होत आलेली घडी त्यांच्यादेखत मोडली. त्यानंतर ते तिच्या दारावरून जाताना खोकतसुद्धा नाहीत.

माझ्यावर बसायच्या त्या उड्डाण शिकवणाऱ्या बाई. लाल फिती लावलेल्या माझ्या सुरक्षेच्या पिना त्या रोज काढायच्या, खाली उभ्या मेकॅनिकला दाखवायच्या आणि माझ्या खांद्यावर थाप मारायच्या. "आज तुला सुट्टी हं!"

पुढे शिकाऊ वैमानिक बसायचा. त्याची खुर्ची माझ्याहून कितीतरी जुनी. मी तिला थोरली जाऊ म्हणायचे. एका घरात नांदायचो, पण आमचं काही जुळायचं नाही, आणि त्यात आमचा दोघींचाही दोष नव्हता.

दोष याच खोलीतला. मागे संरक्षणाच्या खर्चाला कात्री लावायची ठरली, तेव्हा नव्या लढाऊ विमानांना हात लावायचा नाही, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं. त्यांच्यासमोर फोटो झकास येतात ना! कात्री फिरली ती शिकाऊ विमानांच्या खुर्च्यांवर. सगळ्या बदलायच्या होत्या. एक सदस्य म्हणाले, "निम्म्या बदलू. म्हणजे कुणाचीच तक्रार नको." माना डोलल्या. झालं! प्रत्येक विमानात एक नवी, एक जुनी. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला शुभेच्छा.

दोन्ही नव्या असत्या तर एकीचा सुटकेचा दांडा ओढताच दोघी विमानाबाहेर सुटल्या असत्या. नवी आणि जुनी अशा जोडताच येत नाहीत. ज्याचा दांडा त्यानेच ओढायचा. शिवाय जुनीचं पॅराशूट उघडायला उंची लागते. मला जमिनीलगतही जमतं.

त्या दिवशी विमान धावपट्टी सोडून जेमतेम वर गेलं आणि इंजिनात पक्षी शिरला. इंजिन बंद.

"बाहेर पड!" बाई ओरडल्या.

पुढून आवाज आला, "मॅडम, आधी तुम्ही!"

आमच्या तळावर शिष्य गुरूच्या आधी दारातूनही बाहेर पडत नाही. सवय चांगलीच, पण ती कुठे सोडायची, हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"अरे गाढवा, इथे दार आहे का? ओढ!"

त्याने ओढला. थोरलीच्या रॉकेटची आग आमच्या मधल्या काचेवर फुटली आणि ती त्याला घेऊन गेली. तोवर बाईंनी विमान कसंबसं तोलून धरलं होतं. मला कुंपणाच्या तारा दिसू लागल्या, तेव्हा कुठे त्यांनी माझा दांडा ओढला. आत्याची घडी उलगडली, एकही दोर गुंतला नाही. बाई गवतात पडल्या, खरचटण्यावर निभावलं.

थोरलीनेही म्हातारपणी जिवाचं रान केलं. पण तिचं पॅराशूट नीट फुलायच्या आत जमीन आली. तो वाचला, कण्याला मार बसला. आता तो काठी घेऊन चालतो. उडणार नाही.

बाई दवाखान्यातून थेट आत्याकडे गेल्या. आत्याने आधी हातातली घडी पूर्ण केली, मगच ती रडली.

आणि मग त्या सकाळी ही समितीची खोली. नवे शिकाऊ तळावर येऊन दाखल झाले होते. त्यांना पुढच्या जुन्या खुर्च्यांवर बसवू नये, एवढंच बाईंचं मागणं.

अध्यक्ष म्हणाले, "पण बाई, दोघंही वाचलात ना? मग व्यवस्था चालली की!"

"साहेब, छत्री फाटकी असली तरी माणूस भिजत घरी पोचतोच. म्हणून काय छत्री चांगली?"

निम्म्यांचा तोडगा काढणारे सदस्य पुढे सरसावले. "शत्रू खुर्चीला घाबरत नाही, बाई. लढाऊ विमानाला घाबरतो."

"घाबरू दे की! पण ते विमान उडवणार कोण? फोटोतला मंत्री?"

कुणीतरी हसू दाबलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या यादीतलं एक विमान कमी करा. सगळ्या पुढच्या खुर्च्या नव्या होतील."

बराच वेळ वाद झाला. पण खरं सांगायचं तर शेवटी त्यांनी ऐकलं. एक लढाऊ विमान कमी झालं, खुर्च्या मंजूर झाल्या. नाव ठेवणं सोपं असतं. ज्यांनी आपला शब्द मागे घेतला, त्यांचेही मी आभार मानते. कारखान्यातल्या त्या बाईचे, आत्याचे आणि थोरल्या जाऊचे तर किती मानू! माझ्यासारखी खुर्ची एकदाच कामाला येते. माझं काम झालं, चीज झालं. आता मी आत्याच्या दारात असते आणि नव्या शिकाऊंना पट्टे बांधायला शिकवते. बाबांनो, गुरूला मान द्या. पण विमानाबाहेर पडायची वेळ आली तर आधी तुम्ही.

निघण्यापूर्वी बाईंनी समितीला एकच विचारलं होतं, "नव्या खुर्च्या येईपर्यंत काय?" अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी खिडकीबाहेर.

आज सकाळी एक शिकाऊ पुढच्या जुन्या खुर्चीवर बसून उडाला. त्याला तिथे बसवायची परवानगी कुणी दिली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.