एका परातीतला भात

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आज शाळेच्या अडगळीत लुळा पाय सावरत उभी असले, तरी कधी काळी माझ्यावर न्याय बसत असे. निदान लोक तसे म्हणत.

माझा जन्म पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या बो गावचा. यादवी संपली आणि तिच्यातल्या अत्याचारांचा निवाडा करायला देशोदेशीचे न्यायाधीश आले, तेव्हा त्यांच्यासाठी मला घडवले. माझ्यावर त्यांच्या जोडीचे, पण इथलेच न्यायाधीश व्हँडीसाहेब बसत. पाहुणे माझ्या कोरीव पाठीचे फार कौतुक करत. ज्यांना न्यायाबद्दल बोलायचे नसे, ते खुर्चीबद्दल बोलत.

एकदा टेनेहमावशी साक्षीला आल्या. त्यांच्या मुलाला घरासकट जाळले होते. तो कशा हाका मारत होता, ते त्यांनी सांगितले. त्यांच्या गावचा सारा खटला त्या एका साक्षीवर उभा होता.

पुढे गावाने मेलेल्यांच्या नावाने जेवण घातले. व्हँडीसाहेब गेले आणि मावशींच्याच परातीत हात घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी आरोपीचे वकील उभे राहिले. "साहेब, भात गोड लागला का?"

"अहो, माझ्या मुलखातली माणसं मेली. दोन घास खाल्ले तर काय बिघडलं?"

"एका परातीत जेवले ते एका घरचे, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल! आता त्याच घरचा माणूस आमचा निवाडा करणार होय?"

साहेबांचा निकाल कुठे झुकला असता, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या पाठीला टेकलेली होते, मनाला नाही. बाकीच्या न्यायाधीशांनी आत बसून विचार केला. बाहेर आल्यावर त्यांच्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "व्हँडी, तुम्ही पक्षपाती आहात असं मी म्हणत नाही. पण आरोपीला शंका यावी असं वागलात. उठा."

ते उठले. माझ्यावर नवे साहेब आले. त्यांनी काहीच ऐकले नव्हते, म्हणून साक्षी पुन्हा पहिल्यापासून. टेनेहमावशी दारापर्यंत आल्या आणि थबकल्या.

"मरताना बघितला एकदा. इथं सांगितला, तेव्हा दुसऱ्यांदा मेला. आता तिसऱ्यांदा मारू होय माझ्या लेकाला?"

त्या माघारी गेल्या. त्या गावचा आरोप गळून पडला.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा, नाहीतर राहू द्या. पण उद्या अशा खुर्चीवर बसलात, तर आपल्या माणसांच्या परातीपासून लांब राहा. जेवायला आला नाहीत म्हणून एखाद्या टेनेहमावशींनी तुम्हाला गर्विष्ठ म्हटले, दारातून शिव्या दिल्या, तरी ऐकून घ्या. त्यांना फक्त एकदाच सांगावे लागू दे.