हँडलचं कुलूप

आमच्या मोटारसायकलचं कुलूप अडकतं, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं आणि तिघांनीही त्यावर आपापला इलाज शोधून काढला होता. लेक किल्ली आत घालून हँडल जरासं डावीकडे दाबायची आणि मग हलकेच फिरवायची. नवरा किल्ली केसभर बाहेर ओढून कान लावायचा. तो घड्याळं दुरुस्त करतो, आणि जगात जे काही फिरतं ते आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे. मी शिवणकाम करते. रविवारी मशीनला तेल दिलं की जाता जाता दोन थेंब त्या कुलपातही सोडायचे. गाडी गॅरेजमध्ये न्यायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. आम्ही तिघंही हातानं काम करणारी माणसं, त्यामुळे बाहेरच्या माणसाला बोलावणं म्हणजे आमच्याकडे कमीपणा समजला जातो.

लेक तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि लॅबमध्ये पोचवायचे, दिवसाला चार फेऱ्या. त्या मंगळवारी दुपारी लॅबच्या फाटकातून आत जायला तिनं पूर्ण डावीकडे वळण घेतलं आणि हँडल तिथंच थांबलं. सरळच होईना. इंजिन चालू, किल्ली चालूवर, आणि हँडल मात्र गच्च. वेग फारसा नव्हता म्हणून बचावली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि पेटीतल्या अकरा नळ्या फुटल्या.

मी धावतपळत दवाखान्यात पोचले तेव्हा नवरा माझ्या आधी तिथं होता. तिच्या हातावरचं प्लास्टर अजून ओलं होतं. आणि हा माणूस तिच्याशेजारी स्टुलावर बसून तिला सांगत होता, "वळताना वेग कमी करायचा असतो. गाडी आपोआप अडकत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पडलीय ती," मी म्हटलं. "मोडलाय हात तिचा. आणि तुम्ही धडे कसले देताय?"

"मी फक्त सांगतोय," तो म्हणाला. लेक प्लास्टरकडे बघत राहिली.

संध्याकाळी त्यानं गाडी घरी आणली, अंगणात उभी केली आणि मला बोलावून कुलूप दहा वेळा उघडून, लावून दाखवलं. दहाही वेळा ते उघडलं. त्याच्या बोटांखाली मेलेली घड्याळं चालायला लागतात, तिथं एका कुलपाची काय कथा. "बघ," तो म्हणाला. "दोष गाडीत नाही." हे तो लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. त्या रात्री मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि माझं न बोलणंही साध्या आवाजाचं नसतं. डबे आपटतात.

मी रागीट आहे हे मी नाकारत नाही. सात वर्षांपूर्वी मी एकदा कप भिंतीवर फेकला होता. एकच, आणि तोही आधीच तडकलेला. तेव्हापासून माझा आवाज चढला की लेक ओट्यावरचे कप आणि काचेचे ग्लास गुपचूप मागे सरकवते. हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. दोघं हसतात, मीही हसते.

गुरुवारी लॅबच्या मॅडमचा फोन आला. लेकीनं तो स्पीकरवर लावला, कारण तिचा चांगला हात कामात होता. मॅडम शांतपणे बोलल्या. गाडीत दोष होता असं गॅरेजचं लेखी आणलं तर हात बरा झाल्यावर तिनं पुन्हा कामावर यावं. नसेल तर त्या दुसरी मुलगी घेतील. "लोकांचं रक्त असतं ते," त्या म्हणाल्या. "निष्काळजी माणसाच्या हातात मी ते देऊ शकत नाही. सोमवारपर्यंत काय ते सांग."

फोन ठेवून लेक खुर्चीत बसली. दोन वर्षं उन्हातान्हात तिनं त्या फेऱ्या मारल्या होत्या, एकदाही नळी सांडली नव्हती, आणि आता तिच्या नावापुढे तो एक शब्द लागला होता. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आई, कदाचित माझंच चुकलं असेल. बाबा म्हणतात ना."

मी तडक नवऱ्याच्या टेबलाशी गेले. तो डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं घालून बसला होता.

"गाडी उद्या गॅरेजमध्ये न्यायची."

"काय म्हणून? कुलूप तर उघडतंय."

"लेखी पाहिजे. पोरीचं काम जाईल."

"मी मॅडमशी बोलतो."

"काय बोलणार तुम्ही? आमच्या पोरीला वळता येत नाही, सांभाळून घ्या, असं?"

त्यानं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. भांडणातून उठून जायची त्याची ही रीत आहे. शरीर तिथंच असतं, माणूस घड्याळात गेलेला असतो. मी जे काही बोलले ते सगळं त्या भिंगावरून घसरून गेलं.

शुक्रवारी सकाळी मला ती किल्ली दिसली. गाडीची किल्ली खुंटीवरून काढली तर तिचे दात उन्हात चमकले. कपाटातली दुसरी किल्ली काढून शेजारी धरली. दुसरीचे दात झिजून गोल झालेले, आणि हिचे ताजे घासलेले, कडा नव्या. अशी बारीक कानस आमच्या घरात एकाच माणसाकडे आहे. माझ्या डोक्यात लख्ख झालं. स्वतः किल्ली घासून ठेवायची, कुलूप बिघडवायचं, आणि खापर पोरीच्या डोक्यावर फोडायचं. वर तिलाच वळण घ्यायला शिकवायचं.

दुपारी तो जेवायला आला तेव्हा मी दोन्ही किल्ल्या त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. लेक समोरच होती. मुद्दामच.

"ही कोणी घासली?"

तो किल्ल्यांकडे बघत राहिला. "मी."

"कधी?"

"महिना झाला असेल."

मग मी सुरू झाले. चोवीस वर्षांचा पाढा वाचला. त्यानं दुरुस्त केलेला पंखा, त्यानं दुरुस्त केलेला नळ, त्याचं ते सगळ्यात डोकं घालणं आणि अंगावर आलं की हात झटकणं. पहिल्याच वाक्याला लेकीनं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. माझा दम संपला तेव्हा त्यानं मान वर केली.

"चूक माझी," तो म्हणाला. "किल्ली मी घासली, त्यानंच अडकलं असेल." आणि लेकीकडे वळून, "तुझं काही चुकलं नव्हतं. मी उगाच बोललो."

लेकीची हनुवटी थरथरली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती. लग्नापासून या माणसानं आपली एकही चूक सरळ कबूल केलेली नाही, आणि आज हा दोन वाक्यांत मोकळा? पण मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर कोण शंका काढत बसतं.

"झालं ना आता?" तो म्हणाला. "मी मॅडमना तसं लिहून देतो. गॅरेज कशाला?"

"बापानं लिहिलेलं कोण मानेल?" मी म्हटलं, आणि तिथल्या तिथं गॅरेजच्या मेकॅनिकला फोन लावला.

शनिवारी सकाळी मेकॅनिक आला. अख्खा भाग त्याला मास्तर म्हणतो. वयस्कर, कमी बोलणारा, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. कुलूप ज्या दोन बोल्टांवर बसवलेलं असतं त्यांची डोकी मुद्दाम मोडून ठेवलेली असतात, चोराला सहज काढता येऊ नये म्हणून. ती मास्तरांनी छिन्नीनं ठोकून ठोकून फिरवली. अर्ध्या तासात कुलूप सुटून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर येऊन पडलं. मी चहा केला.

नवऱ्यानं त्या दिवशी दुकान उघडलं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "मास्तर, उघडत बसू नका," तो दोनदा म्हणाला. "अख्खा संच नवा बसवून टाका."

"का?" मी म्हटलं. "आतलं दिसेल म्हणून?"

मास्तरांनी घासलेली किल्ली आत घातली आणि फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. त्यांनी ती बाहेर काढून चष्म्याजवळ धरली.

"किल्ली कोणी घासली?"

मी नुसतं बोट दाखवलं.

"हात चांगला आहे," मास्तर म्हणाले. "जुनी झिजली होती, ही बरोबर बसते. किल्लीचा काही दोष नाही."

मग त्यांनी कुलूप उलटं केलं. हँडल अडवणारी पिन, करंगळीएवढी जाड, त्यांनी बाहेर काढली आणि सोडली. किल्ली फिरवल्यावर स्प्रिंगनं ती आत ओढली जायला हवी. ती अर्धी आत गेली आणि तिथंच बसली. मास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं खाचेतून काळा चिखल खरवडला आणि कागदावर पुसला.

"तेल कोण घालत होतं यात?"

त्यांनी चिखलातून टाचणीनं काही धागे ओढून वेगळे केले. पेट्रोलच्या थेंबात ते धुतले गेले आणि त्यांचा रंग दिसला. मरून. गेले तीन महिने मी एकाच कापडावर काम करत होते, एका कारखान्याचे दोनशे मरून एप्रन. तेलाच्या बुधलीचं तोंड ठिबकू नये म्हणून त्याला गुंडाळलेली चिंधीही त्याच कापडाची होती. बुधली खिडकीत होती. मला मान वळवायची गरज नव्हती.

मास्तर बिचारे समजावून सांगत होते. "शिवणयंत्राचं तेल वाटतं. पातळ असतं, खाली उतरतं, धूळ आणि तूस धरून बसतं. मग पिन पूर्ण आत जात नाही. सरळ चालवताना कळत नाही. हँडल पूर्ण डावीकडे वळलं की पिन खाचेत पडते. किल्ली चालूवर असली तरी. चालवणारा काय करणार? कुलपाला तेल घालायचंच नसतं. पेन्सिलच्या शिशाची पूड चिमूटभर, बास."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दवाखान्यातच कळलं, हिनं किल्ली हातात दिली तेव्हा. किल्लीला वास होता."

"कसला?"

"तुझ्या मशीनचा."

लेक उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "मग मला का बोललात?"

त्यानं माझ्याकडे न बघता तिला उत्तर दिलं. "तू चार दिवस गप्प बसली असतीस आणि विसरली असतीस. आईला सांगितलं असतं तर..." तो थांबला. "मला सुचलं नाही काही. नंतर तिला किल्ली सापडली, म्हटलं बरं झालं, माझ्यावर येऊ दे. मला सवय आहे."

माझ्या आत सगळं उसळून वर आलं. माझ्या आवाजाला घाबरून या माणसानं पोरीचं काम, पोरीचं नाव पणाला लावलं होतं. तीन दिवस ती स्वतःला निष्काळजी समजत होती आणि हा भिंग पुसत होता. असा भित्रेपणा, तोही घरच्या घरात. शब्द तोंडापर्यंत आले होते, एकाहून एक धारदार. मी श्वास घेतला.

तेवढ्यात लेकीचा चांगला हात हलला. माझ्या कोपराजवळ मास्तरांचा चहाचा कप होता. तो तिनं हळूच उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तिचं लक्षही नव्हतं त्याकडे. ती बापाकडे बघत होती, हात आपला आपण काम करत होता. या वेळी कोणी हसलं नाही. मास्तरांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली कागदात डोकं घातलं.

सात वर्षं मी त्याला विनोद समजत होते.

"मास्तर, लेखी द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्यांनी पावतीपुस्तक काढलं. "कुलपात तेल गेल्यामुळे पिन अडकली, असं लिहितो."

"गेल्यामुळे नाही. तेल आपोआप जात नाही. लिहा, मुलीच्या आईनं कुलपात शिवणयंत्राचं तेल घातल्यामुळे. चालवणारीची चूक नाही, हेही लिहा. ते आधी लिहा."

"आई, एवढं कशाला," लेक म्हणाली.

"मॅडमना कळू दे निष्काळजी कोण ते."

मास्तरांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. लेकीनं कागद दोनदा वाचला आणि प्लास्टरच्या हाताखाली जपून धरला. मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि तो कप उचलला. दोघंही माझ्या हाताकडे बघत होती. मी कप मास्तरांपुढे परत ठेवला.

"पुढच्या वेळी माझं चुकलं तर मला सांगायचं," मी नवऱ्याला म्हटलं. "पोरीला नाही."

"आणि तू ओरडलीस तर?"

"ओरडेन," मी म्हटलं. "तरी मलाच सांगायचं."

लेकीनं कप पुन्हा सरकवला नाही, पण माझा हात टेबलावरून खाली येईपर्यंत तिची नजर त्याच्यावरून हटली नाही.