बॉनेटखालचा हुंकार

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं गच्चीवर, कुंपणावर, जिथे जमेल तिथे चढली होती. मधोमध एक जुनी निळी गाडी उभी होती. किल्ली काढलेली, आत कुणी नाही.

भगव्या कफनीतल्या बाबांनी बॉनेटवर तळहात टेकवला. "बोल बाळा, आईशी बोल!"

गाडीतून घुमत घुमत हुंकार उठला. गर्दीने हात जोडले. सासूबाई बॉनेटला बिलगून रडू लागल्या.

सून दारात उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा गेल्यापासून तिला ना भूक लागत होती, ना रडू येत होतं. त्याची ही गाडी पहिल्यांदा घुमली ती शेजारून एक ट्रक धडधडत गेला तेव्हा. तेव्हाही तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नव्हतं. पण बाबा आले, त्यांनी "आत्मा अडकलाय" असं सांगितलं आणि सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. आता लेकच आपल्याला राखतोय म्हणे.

"आवाज क्षीण होतोय, माई," बाबा म्हणाले. "आत्मा थकलाय. गाडी आश्रमात आली तरच त्याला बळ मिळेल."

"बॅटरी उतरतेय, बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा कोरडा होता. "जरा बाजूला होता का?"

"अगं, त्याच्यावर तरी दया कर!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, एकदाच बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

तिने बाबांच्या जागी हात ठेवला, दाबला आणि म्हणाली, "बोल रे भोपळ्या!"

गाडी घुमली. कुणीतरी फिसकन हसलं.

"बोल रे तुटक्या चपले!" गाडीने या हाकेलाही तितक्याच गहिवराने ओ दिली.

"आत्म्याची टवाळी करतेस? कोप होईल!" बाबा ओरडले.

"होऊ दे." तिने बॉनेट उघडून एक फ्यूज उपसला आणि बॉनेट लावलं. "आता बोलवा त्याला."

बाबांनी हात टेकवला, दाबला, मंत्र पुटपुटले. कपाळावर घाम आला. गाडी ढिम्म. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आत्मा काय फ्यूजमध्ये राहतो होय?" आणि गर्दीचा नूरच पालटला.

सुनेने पुन्हा बॉनेट वर केलं. "हा पंखा तुमच्या लेकानेच बसवला होता, आई. विजेवरचा सुपरचार्जर. इंजिनात जास्त हवा कोंबतो, गाडीला जोर येतो. याला वीज थेट बॅटरीतून मिळते, म्हणून किल्ली नसली तरी फिरतो. आणि ही बघा, तो चालू करणारी वायर. बिजागरीला घासून सोलली गेलीय. बॉनेट दाबलं किंवा जमीन हादरली, की उघडी तार पत्र्याला टेकते आणि पंखा सुरू होतो. नेमकं कुठे दाबायचं, ते बाबांना आधीच सापडलं होतं."

बाबा बोळातून कधी सटकले, कळलंच नाही.

सासूबाईंनी ती उघडी तार बोटाने चाचपली. "म्हणजे तो नव्हता?"

"नव्हता, आई."

"तुला माहीत होतं?"

"परवा समजलं. तुम्ही झोपला होतात तेव्हा उघडून पाहिलं." ती थांबली. "सांगायला धीर झाला नाही. त्याच्या आधी मीही रोज खिडकीशी येऊन ऐकायचे."

सुनेने वायरला चिकटपट्टी गुंडाळली, ती बिजागरीपासून लांब बांधली, फ्यूज जागेवर बसवला. मग बॉनेट लावून सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं. आवाज आला नाही.

"गेलेलं माणूस तुमच्याशी बोलतंय असं कुणी सांगितलं," ती पांगणाऱ्या लोकांना म्हणाली, "तर खुशाल रडा. पण रडून झालं की आत काय आहे ते उघडून बघा. आणि औषधं बंद करू नका."

मग तिने घरातून पाण्याचा पेला आणि गोळी आणली. सासूबाईंनी ती मुकाट्याने गिळली आणि सुनेचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्या तो दोन्ही हातांनी चोळत राहिल्या.