दादाचा डावा डोळा

ती कृत्रिम डोळे बनवायची. शेकडो अनोळखी माणसांचे डोळे तिच्या हातून रंगले होते; सख्ख्या भावाचा एक मात्र जमेना.

दादा कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. लोखंडाची कपची उडाली आणि उजवा डोळा गेला. तेव्हापासून त्याने उंबरा ओलांडला नव्हता. डोळ्याच्या खोबणीचं माप त्याच्या गावच्या डॉक्टरांनी घरी येऊन घेतलं आणि तिला पाठवलं. रंगासाठी त्याने डाव्या डोळ्याचा फोटो फोनवर धाडला. "यावरूनच कर. इकडे येऊ नकोस."

पहिला डोळा तांबूस झाला, दुसरा हिरवट. "माझा नाही हा," दोन्ही वेळा दादाने एवढंच लिहून डोळा परत पाठवला. तिला चैन पडेना. जेवता जेवता उठून ती फोटो बघायची, उजेड कमी-जास्त करायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" नवरा वैतागला. "घे, माझ्या फोनवर बघ."

त्याच्या फोनवर तोच डोळा निराळाच दिसला. तिने भिंग काढून स्क्रीनला टेकवलं. तपकिरीचा पत्ताच नव्हता! नुसते लाल, हिरवे ठिपके आणि मधूनच मिणमिणता निळा. भिंग उचललं की सगळे मिसळून पुन्हा तपकिरी.

"महिनाभर डोळ्यांत धूळ फेकून घेतेय मी," ती म्हणाली आणि दुपारच्या गाडीने निघाली.

दादाने दार उघडलं ते काळा चष्मा लावूनच. "नको म्हटलं होतं ना?"

"स्क्रीनवर तू नाहीस रे, ठिपके आहेत. चष्मा काढ."

"बघवणार नाही तुला."

"माझा धंदाच आहे तो, दादा."

 चष्मा काढून त्याने तोंड फिरवलं. तिने हनुवटी धरून त्याला उजेडाकडे वळवलं. रिकाम्या बाजूकडे एकदा नीट बघून तिने रंग आणि ब्रश बाहेर काढले आणि डाव्या डोळ्याकडे बघत बघत नवा डोळा रंगवायला घेतला. बाहुलीभोवती मधासारखे बारीक धागे होते, कडेला राखाडी झाक. फोटोत यातलं काहीच आलं नव्हतं.

आठवड्याने पक्का झालेला डोळा तिने स्वतः नेऊन बसवला. दादा आरशासमोरून हलेना.

"कड जराशी गडद झालीय," ती चुळबुळत म्हणाली. "काढ, परत करते."

"हात लावू नकोस," दादा म्हणाला. त्याने चपला पायात सरकवल्या. "चल, तुला स्टँडवर सोडतो."