नागूबाईची कुंची

जुळे सोलापुरात नागूबाईच्या कुंचीचं मोठं नाव होतं. कुणाच्या घरी पाळणा हलला की बारशाच्या आधी तिच्या दारात खणाचा तुकडा येऊन पडायचाच. डोक्यावर बारीक चुण्या, कपाळाला झालर, पाठीवर सोडलेला घोळ आणि टोकाला रेशमी गोंडा. ती कुंची घातली की रडकं पोरसुद्धा सरदाराच्या थाटात बसायचं. हात असावा तर नागूबाईसारखा, असं बायका म्हणायच्या.

आता खरं सांगायचं तर नागूबाईला सदऱ्याचं बटणसुद्धा नीट लावता येत नव्हतं. कुंच्या शिवायचा तिचा नवरा, त्रिंबक.

त्रिंबक एसटीत कंडक्टर होता. उमेदीची वर्षं मुक्कामाच्या गाड्यांवर गेली. जेऊरकडच्या एका गावात गाडी मुक्कामाला असताना त्याच्या पैशांच्या पिशवीचा पट्टा उसवला. स्टँडजवळच्या ओट्यावर केराबाई नावाची म्हातारी गोधडी शिवत बसलेली असायची. पट्टा तेवढा टाचून दे म्हणून तो तिच्याकडे गेला, तर तिनं सुई त्याच्याच हातात दिली. म्हणाली, "हात काय गहाण ठिवलेत व्हय?" पट्टा शिवून झाला, पण सुई काही हातातून सुटली नाही. बाकीचे लोक पत्ते कुटत बसत, तेव्हा त्रिंबक केराबाईच्या ओट्यावर टाके शिकत बसे. कुंची ही तिचीच विद्या.

घरात स्वतःच्या पोरांना कुंच्या शिवल्या, तोवर हे खपून गेलं. पण पहिल्या नातवाच्या बारशाला कुणीतरी विचारलं, "कुंची कुणी शिवली हो?" समोर डेपोतली सगळी मंडळी मांडी घालून बसलेली. त्रिंबकनं उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. म्हणाला, "हिनं." नागूबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याला खरी धास्ती होती ती यशपालची. यशपाल त्याच्याच गाडीवरचा ड्रायव्हर, कंडक्टर म्हणून त्याला अजूनही ‘मास्तर’च म्हणणारा, आता शेजारी आणि संध्याकाळच्या कट्ट्यावरचा जोडीदार. माणूस सोन्यासारखा, पण एखादी गोष्ट तावडीत सापडली की वर्षभर चघळणार. कंडक्टर आणि सुईदोरा, हे त्याला कळलं असतं तर आपल्याला सोलापूर सोडावं लागेल असं त्रिंबकला मनापासून वाटायचं.

आणि नेमकी यशपालचीच लेक दारात आली. संघप्रिया बँकेत नोकरीला होती, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेरी आई नव्हती, वडीलच सगळं करत होते.

"काकू, रविवारी छकुलीचं नाव ठेवायचंय," ती म्हणाली. "आई असती तर कुंची तिनंच शिवली असती. आता मी शिवणार आहे. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि पहिले टाके घालून दाखवा."

दुसऱ्या कुणाला नागूबाईनं गुडघा, उपास, काहीही सांगून वाटेला लावलं असतं. या पोरीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तोंडातून "ये की उद्या" निघून गेलं आणि मग तिच्या पाचावर धारण बसली.

"अवो, आता काय करू मी?"

त्रिंबकनं कंडक्टरचं डोकं चालवलं. "मी सैपाकघरात पडद्याआड बसतो. तांब्यावर चमचा वाजवतो. एक बेल, थांब. दोन बेल, चालू दे. त्यात काय अवघड हाय?"

"आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुटनं यायचं? खरं सांगून टाका की तिला."

"यशपालच्या पोरीला? त्यापरीस कट्ट्यावर लाऊडस्पीकर लावतो की मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पंख्याखाली बसल्या. त्रिंबकनं खण आधीच बेतून ठेवला होता. नागूबाईनं देवाचं नाव घेऊन सुई खुपसली. पडद्याआडून टिंग टिंग झालं. ती पुढे सरकली. टिंग. ती थांबली, टाका उसवला, पुन्हा घातला. टिंग टिंग.

"काकू, कसला आवाज?"

"ह्यांना च्या पायजे आसंल. वाजवू दे."

तिसऱ्या चुणीपर्यंत गाडी रुळावर होती. नागूबाईला तर आपणच शिवतोय असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात गल्लीत कुल्फीवाला आला आणि त्यानं घंटी बडवायला सुरुवात केली. टिंग टिंग, टिंग टिंग. नागूबाईनं चालू दे म्हणून चालू दिलं. आत त्रिंबकला टाके भलतीकडे जाताना दिसत होते. त्यानं एक बेल मारली, पण तिच्या पाठोपाठ कुल्फीवाल्याची पडली आणि दोन झाल्या. त्यानं घाबरून पुन्हा एक मारली, त्याच्या पुन्हा दोन झाल्या. नागूबाई घाम पुसत सुसाट शिवत सुटली.

कुल्फीवाला लांब गेला. नागूबाई म्हणाली, "थांब, च्या टाकते," आणि उठली. तिच्याबरोबर कुंचीही उठली. लुगड्याच्या निऱ्यांना पक्की शिवलेली, गुडघ्यावर लोंबत.

संघप्रिया आधी खो खो हसली. मग तिनं कुंची हातात धरून टाके पाहिले आणि तिचं हसू विझलं. "काकू, आजवरच्या कुंच्या तुमच्या हातच्या नाहीतच. विकत आणून देत होता का? मला तरी खरं सांगायचं होतं."

नागूबाईच्या ओठांवर खरं आलं होतं. पडदा दोन हातांवर होता, बोट केलं असतं तरी भागलं असतं. तिनं मान खाली घातली. "डोळे गेलेत गं माजे," ती पुटपुटली.

पडद्याच्या फटीतून त्रिंबकला ती खाली गेलेली मान दिसली. आणि त्याच वेळी दारात चपला वाजल्या. रडणाऱ्या छकुलीला खांद्यावर घेऊन यशपाल आत येत होता. आतच बसून राहिलं तर त्रिंबकचं झाकलेलं झाकलेलंच राहणार होतं. त्याला स्वतःचीच शरम वाटली. हातातला तांब्या खाली ठेवून तो बाहेर आला, बायकोसमोर खाली बसला आणि निऱ्यांना अडकलेला टाका न् टाका उसवायला लागला.

"हिचे डोळे चांगले हायत," तो वर न बघता म्हणाला. "कुंच्या मी शिवतो. पयल्यापास्नं सगळ्या."

यशपाल हसला. असा हसला की दचकून छकुली रडायची थांबली. "मास्तर, तुमी? आन् कट्ट्यावर मिशीला पीळ देता? आता बघा की, सगळ्या डेपोला सांगतो." हसून हसून त्याला ठसका लागला. मग तो नागूबाईकडे वळला. "पर वैनी, यवडी वर्सं तुमी का गप बसलात?"

नागूबाई निऱ्या सारख्या करत होती. "ह्यांना ह्यांच्या हाताची लाज वाटायची," ती म्हणाली. "मला कदी वाटली न्हाय. पोरागत हातावर घिऊन मिरवावं असं ह्यांचं काम. माज्या नावानं का हुईना, लोकांनी वानलं तर मला बरं वाटायचं."

त्रिंबकचे डोळे भरून आले. समोरचा टाका दिसेनासा झाला, तरी मान वर करायचा त्याला धीर होईना. शेजारी संघप्रियाही पदरानं डोळे टिपत होती.

यशपालनं दारातच चपला काढल्या, फरशीवर बसकण मारली आणि छकुलीला अलगद त्रिंबकच्या मांडीवर ठेवलं.

"माप घ्या की, मास्तर," तो म्हणाला. "पोरीचं डोस्कं हितंच हाय."