घायपाताला रोज पाणी

भांडण झालं ते घायपातावरून. घरामागच्या खडकाळ तुकड्यात धाकट्या दिराला कोंबड्यांचं खुराडं बांधायचं होतं आणि तिथेच थोरल्या वहिनीनं घायपात लावून ठेवलेला. नवरा गेल्यापासून ती त्यातच रमलेली. पानं सोलून आतला धागा, वाख काढायची, त्याचे दोर वळायची, फुटवे निघाले की नीट वेगळे करून लावायची. त्या मुरमाड जागेत दुसरं काही तग धरत नव्हतं.

शब्दानं शब्द वाढला आणि धाकट्याची जीभ सुटली. "या घरात तुमचं आहे तरी काय वहिनी? हे काटेच ना?"

दुसऱ्या दिवशी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "रोपांकडे लक्ष ठेव."

ते लक्ष ठेवणं धाकट्याच्या मानगुटीवरच बसलं. ज्या वहिनीनं आपल्याला लहानपणी न्हाऊमाखू घातलं, तिला आपण असं बोललो. मन त्याला खायला लागलं. विहिरीनं तळ गाठलेला, कांदे माना टाकत होते, तरी तो रोज संध्याकाळी कळश्या भरून घायपाताला घालायचा.

बायको कपाळाला हात लावायची. "कांद्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

कुंपणापलीकडून शेजारचा सुतारही चिडवायचा, "काट्यांचे लाड चाललेत वाटतं."

धाकटा कुणाला जुमानत नव्हता. पानं टपोरी दिसायची, तेवढ्यानंच त्याला बरं वाटायचं. मग एक दिवस बुडाशी काळपट डाग दिसला. पाणी कमी पडलं असेल, असं समजून त्यानं आणखी एक कळशी ओतली.

वहिनी परत आली ती पिशवी ओट्यावर ठेवून थेट मागे गेली. धाकटा मागोमाग, गुन्हेगारासारखा. तिनं एका रोपाचा मधला कोंब धरून जरासा ओढला. तो अख्खाच्या अख्खा हातात आला. खालून कुजका वास सुटला. दुसरं रोप, तिसरं, सगळ्यांची तीच गत.

"किती पाणी घातलंस?"

"रोज घालत होतो."

"अरे, याला पाणी सोसत नाही. मी पावसाचं सोडलं तर थेंब दाखवत नव्हते."

"मला वाटलं, तुम्ही याल तेव्हा हिरवीगार दिसली पाहिजेत. वहिनी, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. तोंड दाखवायला जागा नाही मला."

वहिनी तिथेच खाली बसली. कुजका कोंब अजून तिच्या हातातच होता.

"एवढंच त्या दिवशी दारात बोलला असतास," ती म्हणाली, "तर वाचली असती रे माझी रोपं."

मग ती उठली. कुंपणाच्या कडेला, जिथे कळशीचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे एक बोटभर फुटवा होता. तो तिनं मुळासकट काढला, माती झटकली आणि ओट्यावर सावलीत सुकत ठेवला.

"लावू का लगेच?" धाकट्यानं विचारलं.

"आधी मुळं सुकू देत. तू काही करू नकोस," वहिनी म्हणाली. "बस इथं."

धाकटा तिच्या शेजारी बसला. हात कुठे ठेवावेत, तेच त्याला कळत नव्हतं.